फोटोसेलच्या डोळ्यातलं कुंकू

किस्से कोणी जमवत नाही, ते साचतात. आणि पास झालेल्यांपेक्षा अर्धवट सोडून आलेल्यांकडे जास्त साचतात. पास झालेला माणूस पदवी भिंतीला लावतो आणि बाकीचं विसरायला मोकळा होतो. आमच्याकडे भिंतीला लावायला काही नाही, म्हणून सगळं लक्षात राहतं.

भोरात माझं मोटर रिवाइंडिंगचं आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. संध्याकाळी तिथं चार टाळकी बसतात. कोणीतरी म्हणतं, "पारठे, तो फोटोसेल सांग." एक सांगायला घेतला की मागून बाकीचे येतात, भाताच्या खाचराचा एक बांध फुटला की खालचे सगळे फुटतात तसे. म्हणून एकदा ओळीनं लिहून टाकतो.

आधी एवढंच समजून घ्या. काही धातूंवर उजेड पडला की त्यांच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर उडतात. फोटोसेल म्हणजे असा धातू आत बसवलेला काचेचा बल्ब. त्याच्यावर वेगवेगळ्या रंगाचा उजेड टाकायचा, बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनला उलटं व्होल्टेज देऊन अडवायचं, करंटचा काटा शून्यावर आणायचा आणि तेव्हाचं व्होल्टेज लिहायचं. चार-पाच रंगांचं लिहिलं की आलेख काढून प्लँकचा स्थिरांक मिळतो. सहा पॉइंट सहा, गुणिले दहाचा उणे चौतिसावा घात. बोलताना आम्ही घात सोडून द्यायचो. तो पुढं झालाच.

*

टी. वाय. बी. एस्सी. चालू झालं. अठ्ठ्याण्णव साल. फिजिक्सला आम्ही दहा जण. विभागप्रमुख निगडे सर. पहिल्याच आठवड्यात मला फोटोसेल आला. काळी लोखंडी पेटी, तिला समोर रुपयाएवढं गोल भोक, आत बल्ब. दिवा लावला, निळा फिल्टर लावला, काट्याकडे बघत बसलो. काटा हलेना. हिरवा लावला. हलेना. दिवा पार पेटीला चिकटवला. काटा आपला शून्यावर, जेवून आडवा झाल्यासारखा.

सरांना बोलावलं. त्यांनी लांबूनच बघितलं. "काटा शून्यावर आहे ना? मग लिही व्होल्टेज."

मी म्हणालो, सर, तो आधीपासूनच शून्यावर आहे.

"मग तुझं काम सोपं झालं."

आता यातली गंमत बघा. प्रयोगच असा, की काटा शून्यावर आणायचा. मेलेल्या यंत्राचा काटा कायमच शून्यावर. म्हणजे बटण फिरवून कुठलंही व्होल्टेज धरा, बरोबरच! असा प्रयोग मेला तरी कळत नाही. काही माणसांचं असतं तसं.

मग कुठलं व्होल्टेज धरायचं? त्यासाठी 'थोरली' होती. थोरली म्हणजे पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या कोणा हुशार पोराची जर्नल. लॅबच्या कपाटात लाल फडक्यात बांधलेली. यंत्राकडे न बघता सगळे तीच उतरवायचे, शेतावर न जाता आणेवारी लिहावी तशी. त्या हुशार पोराकडून पिवळ्या फिल्टरच्या रीडिंगला चूक झाली होती. त्यानं शून्य पॉइंट बेचाळीस लिहून ते खोडलं होतं आणि वर त्रेचाळीस केलं होतं.

मी मागच्या सगळ्या बॅचच्या जर्नल काढून बघितल्या. प्रत्येकीत पिवळ्यासमोर बेचाळीस लिहून, खोडून, वर त्रेचाळीस. खाडाखोडसुद्धा उतरवलेली. पट्टी लावून!

*

यंत्र का मेलं होतं, ते खंडेनवमीला कळलं.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. शेतकरी विळा-कोयता पुजतो, ड्रायव्हर टेम्पो पुजतो. निगडे सर लॅब पुजायचे. प्रत्येक यंत्राला हळद-कुंकू, झेंडूचं फूल, पुढं पेढा. तयारी सगळी शफीभाईंची. शफीभाई आमचे लॅब अटेंडंट, भोरच्याच मोहल्ल्यातले, पंचवीस वर्षं त्याच लॅबमध्ये. झेंडू कुठला टिकतो, कुंकू कुठल्या दुकानातलं गळत नाही, सगळं त्यांना पाठ. आणि कुठल्या यंत्राची कुठली वायर सैल, तेही त्यांनाच पाठ. सरांना फक्त मंत्र पाठ.

सर अंगठ्यानं कुंकू लावत निघाले. तराजूच्या दांडीला, स्पेक्ट्रोमीटरच्या नळीला, पंपाच्या चाकाला. फोटोसेलच्या पेटीपाशी आले. सपाट काळी पेटी, कपाळ असं कुठं दिसेना. दिसलं ते गोल भोक. सरांनी ओला अंगठा भोकात घातला आणि आतल्या बल्बच्या काचेवर, बरोबर मधोमध, भरगच्च टिळा लावला. त्याखाली आदल्या वर्षीचा होता. त्याच्याखाली त्याच्या आदल्या वर्षीचा. वाळून पापुद्रे धरलेले.

शफीभाई हळूच म्हणाले, "सर, दर साली सांगतो. काचंला नका लावू."

सर म्हणाले, "शफी, यंत्राला देव मानलं तर यंत्र फळ देतं."

शफीभाईंनी ताट पुढं धरलं. "देव माना की सर. पर देवाच्या डोळ्यात कुंकू घालत न्हाईत."

सर हसले. त्यांना वाटलं, शफी विनोद करतो.

*

हा आदल्या वर्षीचा आहे, पण इथंच बसतो.

विज्ञान दिनाला तालुक्यातले एक पुढारी पाहुणे म्हणून येणार होते. आमच्या कॉलेजात वर्क कमी आणि फंक्शन जास्त. त्यामुळे फोटोइलेक्ट्रिकच्या धड्यात 'वर्क फंक्शन' हा शब्द आला तेव्हा अर्ध्या वर्गाला वाटलं होतं, याला खुर्च्या उचलायला लागणार.

प्राचार्यांना फीत कापायची नव्हती, काहीतरी वैज्ञानिक पाहिजे होतं. मी एक जुगाड केला. एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारा एक छोटा सेल, मागं रिले आणि फुटक्या टेपरेकॉर्डरची मोटर. पाहुण्यांनी मध्ये हात धरला की उजेड अडणार, मोटर फिरणार, पडदा उघडणार. आठवडाभर खपलो. वीस वेळा चालवून बघितला.

आता आमच्याकडची वीज. ती भाटघरला तयार होते आणि भोरला जाते. म्हणजे खरोखरच जाते. पाहुण्यांनी हात पुढं केला आणि वीज गेली.

हॉलमध्ये दीडशे माणसं. पाहुणे हात हवेत धरून उभे, रस्त्यात एसटीला केलेला असतो तसा. पडदा हलेना. प्राचार्य माझ्याकडे बघायला लागले, निगडे सर छताकडे. तेवढ्यात पडदा सरसर उघडला. पाहुणे खूश, टाळ्या. माझ्या एकट्याच्या लक्षात आलं की पडद्यामागं शफीभाईंच्या हातात सुतळी आहे.

पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, "विज्ञानाची प्रगती बघा मित्रहो. आता वीज नसताना सुद्धा चालतं."

प्राचार्यांनी मान हलवली. निगडे सरांनी टिपून घेतलं.

*

निगडे सरांची पीएच. डी. अकरा वर्षं चालू होती. काम असं की तापवलेल्या काचेवर झिंकच्या मिठाचा फवारा मारायचा आणि पातळ थर बसवायचा. वाईट काम नव्हतं. माझं मत विचाराल तर शफीभाईंनी फवारा मारला की थर चांगला बसायचा.

डिसेंबरात तो थर तपासायला पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत न्यायचा होता. बॅग उचलायला सरांनी मला घेतलं. पहाटेची एसटी, कात्रजपर्यंत सर झोपलेले.

ते मशीन मी आयुष्यात विसरणार नाही. स्टीलचा भलामोठा गोळा, त्याला गोल काचेच्या खिडक्या, आतली सगळी हवा काढून घेतलेली. तत्त्व आमच्या फोटोसेलचंच. फक्त साध्या उजेडाऐवजी क्ष-किरण मारायचे. नमुन्यातून इलेक्ट्रॉन उडतात. किती जोरानं उडाले ते मोजलं की कुठल्या मूलद्रव्यातून आले ते कळतं. प्रत्येकाचा आकडा ठरलेला. इलेक्ट्रॉन बाहेर येताना आपल्या गावाचं नाव सांगतो, आणि खोटं सांगत नाही. मशीन चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, हे फक्त वरचे पंचवीस-तीस अणूंचे थर बघतं, खालचं याला दिसत नाही. मी मनात म्हणालो, वरवरचं तर आमच्याकडे सगळेच बघतात. पण वरवरचं बघून खरं सांगणारं पहिल्यांदा बघितलं.

मॅडमनी नमुना मागितला. मी हातमोजे मागितले, कारण भिंतीवर तशी पाटी होती. तोवर सरांनी डबीतून काच काढून अंगठा आणि बोटात धरून मॅडमना दिली सुद्धा.

कागदावर शिखरं उमटायला लागली. झिंक आलं. ऑक्सिजन आला. कार्बन आला, मॅडम म्हणाल्या तो सगळ्यांनाच येतो, हवेतला मळ. मग एक शिखर आलं तिथं मॅडम थांबल्या.

"कॅल्शियम कुठून आलं हो सर?"

सर कागदावर वाकले.

मॅडमनी साधेपणानं विचारलं, "नमुना हाताळणाऱ्यांपैकी तंबाखू कोण खातं? चुना असतो ना अंगठ्याला. आम्हाला नेहमी सापडतो."

आता निगडे सर कोण? कॉलेजच्या व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष. तंबाखूची पुडी सापडली म्हणून सुन्याला त्यांनी अख्ख्या वर्गासमोर उभं केलं होतं. सुन्या म्हणजे भोंगवलीचा, आमच्या बॅचचा टॉपर. त्यानंतर सुन्यानं तंबाखू सोडली आणि सरांच्या घरचं दळण आणायला सुरुवात केली. तर असे सर. स्वतः गुपचूप खातात हे अख्ख्या भोरात कोणाला माहीत नव्हतं. त्यांच्या घरात सुद्धा नाही. त्या मशीननं दहा मिनिटांत काढलं.

सर घसा खाकरून म्हणाले, "कॅल्शियम आम्ही मुद्दाम घातलंय. तोच तर संशोधनाचा मुद्दा आहे."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मान खाली घालून कागद फाडून दिला.

पुढच्या वर्षी सरांना पीएच. डी. मिळाली. प्रबंधाच्या नावात 'कॅल्शियमयुक्त' हा शब्द आहे. पेढे मीही खाल्ले.

*

त्याच दिवशी निघताना मॅडमनी मला थांबवलं. म्हणाल्या, हातमोजे मागणारा पोरगा बऱ्याच दिवसांनी बघितला. इथं दरवर्षी एक-दोन प्रशिक्षणार्थी घेतात, मशीनवर काम शिकवतात, पुढं कायमही करतात. अट एकच, बी. एस्सी. फिजिक्स पास. "जूनमध्ये निकाल घेऊन ये."

मला आयुष्यात कोणी 'ये' म्हटल्याचा तो पहिला प्रसंग. येताना एसटीत सर झोपले आणि मी खेड शिवापूरपासून भोरपर्यंत त्या मशीनचे नट-बोल्ट मोजत बसलो.

शनिवारी घरी गेलो. घर हिर्डोशीला. दुपारची गाडी चुकली तर चालत. आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. उजेड मारतात, इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, त्यावरून आत काय आहे ते कळतं.

आबांनी विचारलं, "म्हंजी तू तितं काय करायचं?"

म्हटलं, उजेड पाडायचा.

"घरच्यांनी काय पाडायचा ऱ्हायलाय? आता पुण्यात जाऊन पाडणार." आणि आबा स्वतःच्याच विनोदावर खोकला लागेस्तोवर हसले.

मग यंत्राचं, थोरलीचं सांगितलं. म्हटलं, आबा, सगळं खोटं लिहितात. आबा जरा वेळ गप्प बसले. माणूस गप्प बसला की आपल्याला वाटतं विचार करतोय.

"मोटी मानसं सांगत्यात तसं लिवावं," ते म्हणाले. "तुला काय ठावं?"

हाच सल्ला त्यांना त्यांच्या वडिलांनी दिला असणार. आमच्या घरातसुद्धा एक थोरली आहे. फक्त ती फडक्यात बांधलेली नाही.

*

जानेवारीतल्या एका रविवारी मी शफीभाईंना म्हणालो, चावी द्या. ते म्हणाले, चावी देत न्हाई, म्याच येतो.

दोघांनी पेटी उघडली. शफीभाईंनी बल्ब तान्ह्या पोरासारखा बाहेर काढला. कापसाला स्पिरिट लावून पुसायला घेतला. एक थर गेला, त्याखाली दुसरा. कापूस लाल, बोटं लाल. सगळ्यात खालचा थर नखानं खरवडायला लागला. शफीभाई म्हणाले, "हा निगडे सर हजर झाले त्या सालचा."

बल्ब परत बसवला. खिडकी लावून घेतली. दिवा लावला, निळा फिल्टर लावला.

काटा हलला.

शफीभाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मी बटण फिरवत नेलं, काटा हळूहळू खाली आला, शून्यावर टेकला. मी व्होल्टेज लिहिलं. खरं. हिरवा. पिवळा. प्रत्येक वेळी काटा उठायचा आणि मी त्याला खाली आणायचो. दिवा जवळ नेला तर करंट वाढायचा, पण अडवायचं व्होल्टेज तेवढंच. पुस्तकात लिहिलंय तस्सं. उजेड किती, त्यावर इलेक्ट्रॉनचा जोर ठरत नाही; कुठल्या रंगाचा, त्यावर ठरतो.

आलेख काढला. उत्तर आलं पाच पॉइंट आठ.

सोमवारी सरांना दाखवलं. सर म्हणाले, "सहा पॉइंट सहा पाहिजे."

म्हटलं सर, यंत्र जुनं आहे, फिल्टर डागाळलेत, एवढा फरक येणारच. पण हे खरं आहे. काटा हलतो आता.

सरांनी कागद परत दिला. "इतकी वर्षं सगळ्यांना सहा पॉइंट सहा येतंय. तुला एकट्याला पाच पॉइंट आठ. चुकलं कोण?"

जर्नलवर त्यांची सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. परीक्षा नाही तर निकाल नाही, निकाल नाही तर पुणं नाही. मी दोन दिवस खोलीवर पडून राहिलो. तिसऱ्या दिवशी थोरली काढली आणि उतरवली. फक्त एक केलं. पिवळ्यासमोर सरळ त्रेचाळीस लिहिलं.

सरांनी जर्नल चाळली. फोटोसेलच्या पानावर बोट ठेवून थांबले. कपाळाला आठी.

"इथं खाडाखोड असते."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ते चेष्टा करत नव्हते.

मी पेन काढलं. बेचाळीस लिहिलं, खोडलं, वर त्रेचाळीस केलं. सही झाली. तेव्हापासून आरशात बघताना मला आधी तो बेचाळीसचा आकडा दिसायचा.

*

आता शेवटचा. सुन्या आज त्याच कॉलेजात लेक्चरर आहे, आणि फोटोसेलचा प्रयोग तोच घेतो. म्हणून नीट ऐका.

मार्चमध्ये विद्यापीठाची प्रॅक्टिकल परीक्षा. पुण्याहून बाहेरचे परीक्षक आले. भरदार, सफारी घातलेले, आल्या आल्या जेवणाची चौकशी करणारे. सकाळी निगडे सरांनी शुभ म्हणून सगळ्या यंत्रांना पुन्हा कुंकू लावलं. भोकात अंगठा घातला. शफीभाई ताट धरून होते. या वेळी काही बोलले नाहीत.

चिठ्ठ्या काढल्या. मला फोटोसेल आला. सुन्यालाही फोटोसेल. यंत्र एकच, म्हणून आधी मी तासभर, मग तो.

मला बरं वाटलं. ठरवलं होतं, पुसायचं, खरी रीडिंग घ्यायची, परीक्षकांना हलणारा काटा दाखवायचा. ते पुण्याचे, त्यांना कळेल. पेटी उघडली, बल्ब काढला, कुंकू ओलं होतं. रुमालानं पुसतोय तोवर शिपाई आला, तोंडी परीक्षेला बोलावलंय. बल्ब रुमालात गुंडाळून एप्रनच्या खिशात टाकला, पेटीचं झाकण लावलं आणि गेलो.

परीक्षकांनी विचारलं, तांबडा उजेड टाकून इलेक्ट्रॉन बाहेर पडत नसेल, तर उजेड दहापट केल्यावर पडेल का?

म्हटलं, नाही सर. रंगच कमी ताकदीचा असेल तर कितीही आरडाओरडा करा, आतला हलत नाही.

परीक्षक हसले. शेजारी बसलेले निगडे सर हसले नाहीत. त्यांनी परीक्षकांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. परीक्षकांनी माझ्याकडे नव्या नजरेनं बघितलं आणि म्हणाले, "असं ऐकतो की तुला पाच पॉइंट आठ येतं. आज सहा पॉइंट सहाच्या आसपास आण, पास करतो."

त्यात अर्धा तास गेला. परत आलो तर माझ्या जागेवर सुन्या बसलेला. वेळ वाया नको म्हणून सरांनीच बसवलेला. दिवा चालू. पेटीचं झाकण बंद. आणि सुन्या एक डोळा मिटून, काट्यावर नजर लावून, बटण अगदी नाजूक फिरवत रीडिंग सांगत होता. "निळा, शून्य पॉइंट एक्काहत्तर. हिरवा, शून्य पॉइंट बावन्न."

माझा हात खिशात गेला. बल्ब खिशातच होता.

दारात शफीभाई उभे होते. त्यांनी पेटीकडे बघितलं, मग माझ्या खिशाकडे. रुमालाचं लाल टोक बाहेर आलं होतं.

"पिवळा," सुन्या म्हणाला आणि थबकला. "शून्य पॉइंट बेचाळीस." मग अजून वाकून बघितलं. "नाही सर, त्रेचाळीस." त्यानं कागदावर बेचाळीस खोडलं.

परीक्षक मागं येऊन उभे राहिले होते. त्यांनी आलेख बघितला, आकडेमोड बघितली. सहा पॉइंट सहा दोन. सुन्याच्या पाठीवर हात ठेवून ते निगडे सरांना म्हणाले, "चूक झाली तर प्रामाणिकपणे खोडून दुरुस्त करतो. ही खरी प्रायोगिक वृत्ती." आणि मला म्हणाले, "बघ. शीक जरा."

मग माझी पाळी. मी बसलो. बल्ब परत बसवायला दोन मिनिटं पुरली असती. पुसलेलाच होता. बटण फिरवून सहा पॉइंट सहा काढायला तर तेवढीही लागली नसती. जून तिथून तीन महिन्यांवर होता.

मी पेटीला हात लावला नाही. बटणालाही नाही. निळा फिल्टर लावला, काटा बघितला, लिहिलं शून्य. हिरवा लावला, शून्य. पिवळा, शून्य. खाली सही केली आणि कागद दिला.

परीक्षकांनी तो उलटा-सुलटा करून बघितला. "प्लँकचा स्थिरांक शून्य?"

म्हटलं, "सर, या पेटीत एवढाच आहे."

त्यांनी लाल पेनानं शेरा लिहिला, मला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात. उपकरण उत्तम स्थितीत आहे, विद्यार्थ्यास हाताळता येत नाही. निगडे सरांनी शेजारी सही केली.

मी एप्रन न काढताच बाहेर पडलो. गेटपाशी पोचलो तर मागून चपलांचा आवाज. शफीभाई धापा टाकत आले. मी खिशातून रुमाल काढून त्यांच्यापुढं धरला. म्हटलं, चुकून राहिला, घ्या.

शफीभाईंनी रुमालाची घडी उलगडली, बल्ब उन्हात धरून बघितला, कुठं डाग राहिला नाही ना. मग परत नीट गुंडाळून माझ्या खिशात घातला.

"ऱ्हाऊ दे तुज्यापाशी," ते म्हणाले. "हितं त्याच्याबिगर चालतंय."